फीडचा आकडा आणि मशीनची चाल

छोट्या सीएनसी राउटरवर सागवानाच्या फळीत नेमप्लेट कोरायला लावली की मशीनचा स्वभाव पहिल्या दोन अक्षरांतच उघडा पडतो. शिरोरेषा लांब आणि सरळ, त्यामुळे तिथे टूल झपाट्याने जाते आणि खाच स्वच्छ निघते. मग ‘ळ’ची वळणे येतात, ‘श्री’ची गाठ येते, आणि तेच टूल रेंगाळू लागते. कोपऱ्यात लाकूड करपते. अ‍ॅक्रिलिक असेल तर वितळून टूललाच चिकटते. प्रोग्रॅममध्ये मात्र फीड, म्हणजे टूल सरकण्याचा वेग, सगळीकडे एकच लिहिलेला असतो, मिनिटाला १००० मिमी.

अशा वेळी बहुतेकांना पहिला उपाय सुचतो तो फीड वाढवण्याचा. १०००चे २००० करायचे. जॉब पुन्हा लावून पाहावा, तर वेळ जवळपास तितकाच लागतो आणि करपलेले कोपरे जसेच्या तसे राहतात. कंट्रोलरने नवा आकडा वाचलेला असतो, पण मशीन तिथवर पोचतच नाही. प्रोग्रॅममधला फीड ही फक्त वरची मर्यादा असते. त्या मर्यादेपर्यंत किती अंतरात पोचायचे, हे ठरवणारा आकडा जॉबच्या फाइलमध्ये नसतो, तो कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये असतो. तो म्हणजे प्रवेग. हौशी मशीनवर काम लवकर आणि नीट व्हायचे असेल तर आधी प्रवेग बसवायचा आणि मग फीडचा विचार करायचा. बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने करतात.

दहा मिलिमीटरची रेघ

प्रवेग आधी का, हे कळायला शाळेतले एकच सूत्र पुरते. थांबलेल्या स्थितीतून एखादा वेग गाठायला लागणारे अंतर म्हणजे त्या वेगाचा वर्ग भागिले प्रवेगाची दुप्पट. मिनिटाला १००० मिमी म्हणजे सेकंदाला १६.७ मिमी. हौशी मशीनवर सर्रास दिसणारी कंट्रोल प्रणाली म्हणजे ग्रबल. तिच्या मूळ सेटिंगमध्ये प्रवेग सेकंद-वर्गाला अवघा १० मिमी ठेवलेला असतो. कुठलेही मशीन जोडले तरी ते निदान न अडकता हलावे, एवढाच त्या आकड्याचा हेतू. या प्रवेगाने १६.७चा वेग गाठायला जवळपास १४ मिमी लागतात, आणि थांबायला आणखी १४. म्हणजे २८ मिमीपेक्षा आखूड रेघेवर लिहिलेला फीड एका क्षणासाठीही मिळत नाही.

दहा मिमीची एक रेघ घ्या, दोन्ही टोकांना थांबणारी. प्रवेग १० असेल तर मशीन पहिले पाच मिमी वेग वाढवत जाते आणि पुढचे पाच मिमी कमी करत येते. मध्यावर सेकंदाला १० मिमी, म्हणजे मिनिटाला ६०० इतका वेग क्षणभर मिळतो. सरासरी पडते ३०० आणि रेघेला लागतात दोन सेकंद. आता फीड १०००वरून २००० करा किंवा थेट ५००० करा, दोन सेकंदांतला एक क्षणही वाचत नाही. उलट फीड १०००वरच ठेवून प्रवेग २०० करा. तीच रेघ ०.७ सेकंदात संपते. अशा हजार रेघांचा जॉब असेल तर तेहतीस मिनिटांचे काम साडेअकरा मिनिटांवर येते, आणि फाइलमधले एक अक्षरही बदललेले नसते.

मुंबईच्या स्लो लोकलचे गणितही असेच आहे. स्टेशने जवळजवळ असतील तर गाडीची कमाल गती किती, याला फारसे महत्त्व उरत नाही. फलाट सोडल्यावर ती किती लवकर वेग धरते आणि पुढच्या स्टेशनाआधी किती उशिरा ब्रेक लावते, यावर वेळापत्रक ठरते. नक्षीकाम, अक्षरे, सर्किट बोर्डावरचे तांब्याचे मार्ग, ही सगळी जवळजवळच्या स्टेशनांची कामे आहेत. मोठ्या प्लायवूडमधून सरळ पट्ट्या कापणे हे फास्ट लोकलचे काम. तिथे कमाल वेगाला अर्थ आहे.

आपल्या मशीनला नेमके काय आडवे येते आहे, हे ओळखायची सोपी परीक्षा आहे. ग्रबलच्या १.१ आवृत्तीत जॉब चालू असताना फीड १० ते २०० टक्क्यांपर्यंत बदलता येतो. हा बदल, म्हणजे ओव्हरराइड, १५०वर नेऊनही टूलच्या चालीत किंवा एकूण वेळेत काही फरक पडला नाही, तर अडथळा फीडचा नसून प्रवेगाचा आहे.

हळू चालवणे सुरक्षित का नसते

‘हळू गेले तर गेले, बिघडले काय?’ असा प्रश्न इथे येतो. बिघडते ते टूलच्या धारेपाशी. फिरणाऱ्या टूलची प्रत्येक धार एका फेरीत थोडा माल चिपच्या रूपाने उचलते. त्या चिपची जाडी काढायला फीडला आरपीएम आणि धारांची संख्या यांच्या गुणाकाराने भागायचे. टूल फिरवणारा स्पिंडल १०,००० आरपीएमवर, टूलला दोन धारा आणि फीड मिनिटाला १००० मिमी असेल तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०५ मिमी येतात. लाकडासाठी लहान टूलला हा आकडा ठीक आहे. धार माल कापते, आणि कापताना निर्माण झालेली बरीचशी उष्णता चिपबरोबर बाहेर निघून जाते.

कोपऱ्यावर हाच फीड १३०वर आला, तर चिपची जाडी ०.००७ मिमीपेक्षाही कमी होते. इतक्या पातळ थरात धार रुतत नाही, नुसती घासत राहते. चिप निघत नाही आणि उष्णता टूलमध्ये व मालात साठते. एमडीएफ करपतो, अ‍ॅक्रिलिक वितळते, अ‍ॅल्युमिनियम धारेवर चढते आणि टूल बोथट होते. कोपऱ्यातला काळा डाग म्हणजे वेग कुठे पडला याची मशीनने लिहून ठेवलेली नोंद आहे.

लेझर बसवलेल्या मशीनवर यासाठी चांगली सोय आहे. ग्रबलच्या लेझर मोडमध्ये एम ४ आज्ञा वापरली की प्रत्यक्ष वेग जसा कमी-जास्त होतो तशी लेझरची ताकदही त्याच प्रमाणात बदलते, त्यामुळे कोपरे जळत नाहीत. स्पिंडलला असे करता येत नाही. जडत्वामुळे तो सेकंदाच्या शतांश भागात आपले आरपीएम बदलू शकत नाही. म्हणून राउटरवर प्रश्न प्रवेगानेच सोडवावा लागतो.

कंट्रोलरला पुढचे किती दिसते

संख्यात्मक नियंत्रणाचे पहिले मिलिंग मशीन अमेरिकेत एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने १९५२ साली दाखवले. त्यामागे जॉन पार्सन्स या उद्योजकाची कल्पना होती आणि तिची सुरुवात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामातून झाली होती. पंच केलेल्या कागदी पट्टीवरून आकडे वाचणारा तो कंट्रोलर आकाराने प्रचंड होता. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ साली ग्रबल लिहिले ते तळहातावर मावणाऱ्या आर्डुइनो बोर्डासाठी. त्यातल्या मायक्रोकंट्रोलरची कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट आहे. पुढे सनी जिऑन यांनी या प्रणालीतला वेग आणि प्रवेगाचा आराखडा आखणारा भाग बराच सुधारला. थ्रीडी प्रिंटरमधल्या मार्लिन प्रणालीतही हा भाग मुळात ग्रबलवरूनच आला.

हा आराखडा आखणारा भाग, म्हणजे प्लॅनर, येणाऱ्या रेघा एका रांगेत घेतो आणि त्यांचे वेग एकमेकांशी जुळवतो. स्मृती एवढी लहान असल्याने ग्रबलच्या मूळ सेटिंगमध्ये ही रांग १६ रेघांचीच असते. रांगेतल्या शेवटच्या रेघेनंतर काय येणार हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तिच्या टोकाला पूर्ण थांबता येईल अशा बेतानेच तो वेग देतो. आता फाँटमधले वक्र कॅम सॉफ्टवेअरने, म्हणजे जॉबची फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने, ०.१ मिमीच्या बारीक सरळ तुकड्यांत मोडले असतील, तर कंट्रोलरला पुढचे फक्त १.६ मिमी दिसतात. प्रवेग १० असेल तर एवढ्या अंतरात थांबता यावे म्हणून वेग मिनिटाला ३४०च्या वर जाऊ शकत नाही. प्रवेग २०० असेल तर मर्यादा १५००पर्यंत जाते. याचा दुसरा उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे. टॉलरन्स गरजेपेक्षा बारीक ठेवू नये, आणि जमेल तिथे तुकड्यांऐवजी जी २ आणि जी ३ हे खरे वर्तुळखंड पाठवावेत.

कोपऱ्यांसाठी आणखी एक सेटिंग आहे, $११. याला जंक्शन डीव्हिएशन म्हणतात आणि त्याचे मूळ मूल्य ०.०१ मिमी असते. कोपऱ्याच्या दोन्ही रेघांना स्पर्श करणारे एक छोटे काल्पनिक वर्तुळ धरायचे आणि त्या वळणावर प्रवेगाची मर्यादा ओलांडली जाणार नाही असा वेग काढायचा, ही त्यामागची युक्ती. टूल प्रत्यक्षात कोपरा गोल करत नाही, ते वर्तुळ फक्त हिशेबापुरते असते. काटकोनी कोपऱ्यावर हा हिशेब प्रवेग १० असताना मिनिटाला सुमारे ३० मिमी वेग देतो आणि प्रवेग २०० असताना १३०. वर चिपच्या हिशेबात आलेला १३०चा आकडा हाच. डीव्हिएशन वाढवले की कोपरे वेगाने कापले जातात, पण प्रत्येक कोपऱ्यावर मशीनला बसणारा धक्काही वाढतो. म्हणून हे सेटिंग शेवटी हातात घ्यावे.

मोटर वेगात दुबळी का होते

प्रवेग हवा तेवढा वाढवता आला असता तर हे प्रकरण इथेच संपले असते. पण प्रवेग म्हणजे टॉर्क, आणि स्टेपर मोटरचा टॉर्क वेगाबरोबर घटत जातो. मोटरच्या लेबलवरचा आकडा होल्डिंग टॉर्कचा असतो, म्हणजे मोटर थांबलेली असताना ती किती घट्ट धरून ठेवते याचा. फिरताना तेवढा टॉर्क मिळत नाही.

याचे कारण वाइंडिंगमध्ये आहे. तारेच्या वेटोळ्याला इंडक्टन्स असतो, त्यामुळे त्यात करंट चढायला वेळ लागतो. ३ मिलीहेन्रीची आणि ३ अँपिअरची मोटर २४ व्होल्टवर चालवली, तर पूर्ण करंट चढायला ढोबळमानाने ०.३८ मिलिसेकंद लागतात. २०० स्टेप्सची मोटर १००० आरपीएमने फिरते तेव्हा एका पूर्ण स्टेपला मिळतात अवघे ०.३ मिलिसेकंद. करंट भरण्याआधीच पुढच्या स्टेपची पाळी येते. शिवाय फिरणारी मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज निर्माण करते आणि आत येणाऱ्या करंटला विरोध करते. वेग जसा वाढतो तसा टॉर्क ढासळत जातो, तो यामुळे.

म्हणूनच जास्त करंटपेक्षा जास्त व्होल्टेज वेगासाठी उपयोगी पडतो. ४८ व्होल्टवर तोच करंट निम्म्या वेळात चढतो, आणि मोटरला करंट पुरवणारा चॉपर पद्धतीचा ड्रायव्हर तो ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ देत नाही. असे ड्रायव्हर बनवणाऱ्या गेकोड्राइव्ह कंपनीच्या मारिस फ्रायमनिस यांचा एक ठोकताळा या क्षेत्रात बराच वापरला जातो. इंडक्टन्सचे मिलीहेन्रीतले वर्गमूळ गुणिले ३२, इतके व्होल्ट म्हणजे त्या मोटरची वरची मर्यादा. ४ मिलीहेन्रीला ६४ व्होल्ट. पण ड्रायव्हरचीही मर्यादा असते आणि ती आधी आडवी येते. ५० व्होल्टपर्यंतच्या ड्रायव्हरवर ४८चा सप्लाय लावणे कड्यावर उभे राहण्यासारखे आहे, कारण मशीन झटकन थांबवताना मोटर जनरेटर होते आणि सप्लायचा व्होल्टेज वर ढकलते. अशा ड्रायव्हरला ३६ व्होल्टचा सप्लाय पुरेसा आणि निर्धोक.

टॉर्क जातो कुठे

मोटर गँट्री, म्हणजे स्पिंडल वाहून नेणारा आडवा पूल, ढकलते, म्हणून गँट्री हलकी केली की प्रवेग वाढेल, असे सहज वाटते. स्क्रूच्या मशीनवर हिशेब वेगळाच निघतो. १६ मिमी जाडीचा, एक मीटर लांबीचा आणि एका फेरीत ५ मिमी सरकवणारा बॉलस्क्रू घ्या. या स्क्रूचे स्वतःभोवती फिरण्याचे जडत्व सुमारे ५०० ग्रॅम-सेंमी² भरते. नेमा २३ आकाराच्या मध्यम मोटरच्या रोटरचे ३००च्या आसपास असते. आणि दहा किलोची गँट्री? स्क्रूमार्गे मोटरला तिचे जडत्व जाणवते फक्त ६३. मोटरची बहुतेक ताकद स्क्रू आणि स्वतःचा रोटर फिरवण्यात जाते. गँट्री दहाची पाच किलो केली तरी एकूण बोजा चार टक्केही कमी होत नाही, फक्त मशीन लेचेपेचे होते.

त्याऐवजी त्याच लांबीचा १२ मिमी जाडीचा स्क्रू लावला तर स्क्रूचे जडत्व एक-तृतीयांशाच्याही खाली येते, कारण ते जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. मात्र लांब आणि बारीक स्क्रू वेगात दोरीसारखा झुलतो, ही त्याची किंमत. किंवा एका फेरीत ५ऐवजी १० मिमी सरकवणारा स्क्रू घ्यावा. तोच वेग आणि तोच प्रवेग निम्म्या आरपीएममध्ये मिळतो आणि त्यासाठीचा टॉर्क सुमारे चाळीस टक्के कमी लागतो. त्याबदल्यात कापण्याचा जोर मोटरला दुप्पट जाणवतो आणि एका स्टेपमध्ये टूल दुप्पट सरकते. नक्षीसाठी हा सौदा बरा, अ‍ॅल्युमिनियमसाठी नाही.

बेल्टच्या मशीनवर मात्र उलटे. २० दातांची जीटी २ पुली एका फेरीत ४० मिमी सरकवते. तिथे दोन किलोचा बोजा मोटरला ८०० ग्रॅम-सेंमी²च्या आसपास जाणवतो, तर नेमा १७चा रोटर जेमतेम ५० ते ७०चा असतो. बेल्टवर वजन कमी करणे खरोखर फायद्याचे ठरते. त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनवरचे आकडे आपल्या मशीनवर जसेच्या तसे लावू नयेत, ते मशीन दिसायला कितीही आपल्यासारखे असले तरी.

चुकलेल्या स्टेप्सचा माग

स्टेपर मशीनवर कंट्रोलर आज्ञा पाठवतो आणि ती पाळली गेली असे धरून चालतो. मोटर मागे पडली तर त्याला काहीही कळत नाही. पण चुकलेल्या स्टेप्स मागे एक खूण सोडतात. नेहमीच्या १.८ अंशांच्या मोटरच्या रोटरला ५० दात असतात. ताल सुटला की रोटर एका दाताने मागे पडतो आणि पुढच्या दातावर पुन्हा पकड घेतो, म्हणजे एका वेळी चार पूर्ण स्टेप्सचा फरक पडतो. ५ मिमीच्या स्क्रूवर तो ०.१ मिमी होतो, ४ मिमीच्या स्क्रूवर ०.०८ आणि ८ मिमीच्या स्क्रूवर ०.१६.

यावरून निदान करता येते. फरक याच पटींत असेल आणि जॉब पुढे सरकेल तसा साठत जात असेल तर स्टेप्स चुकत आहेत. फरक दिशा बदलताना येतो, पण साठत नाही आणि दर वेळी तेवढाच असतो, तर तो नटमधला बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा. आकडा दर वेळी वेगळा आणि अनियमित असेल तर आधी कपलिंगचा ग्रब स्क्रू तपासावा. बॅकलॅश किंवा सैल कपलिंग लपवायला प्रवेग कमी करणे म्हणजे रोग सोडून लक्षणाला औषध देणे.

ट्यूनिंगचा क्रम

सुरुवात स्टेप्स प्रति मिमीच्या आकड्यापासून करावी. ३०१८ नावाने मिळणाऱ्या लहान मशीनवर मोटर २०० स्टेप्सची, ड्रायव्हर १६ मायक्रोस्टेपवर (म्हणजे एका पूर्ण स्टेपचे १६ भाग करणारा) आणि स्क्रू फेरीला ४ मिमी सरकवणारा असतो. हिशेब ८०० येतो. ग्रबल आर्डुइनोवर सेकंदाला साधारण ३०,००० पल्सच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे हे मशीन कितीही ताकदीच्या मोटरने चालवले तरी मिनिटाला २२५० मिमीवर थांबते. मायक्रोस्टेप ८वर आणले तर ही मर्यादा दुप्पट होते. त्यात अचूकता गमावल्याची खंत नको. सोळाव्या भागाच्या एका मायक्रोस्टेपमागे होल्डिंग टॉर्कचा दहावा हिस्साही नसतो, आणि घर्षण तेवढे सहज गिळून टाकते.

पुढची चाचणी टूल काढून, स्पिंडल बंद ठेवून आणि आपत्कालीन बटण हाताशी ठेवून करावी. एका वेळी एकच अक्ष. कडेला डायल गेज लावून शून्य करावा. डायल नसेल तर टोकदार पेन्सिल आणि चिकटवलेला कागद चालतो, फक्त बारीक चूक त्यात दिसत नाही.

पहिल्या फेरीत प्रवेग जाणूनबुजून कमी ठेवावा, २० ते ५०च्या दरम्यान. कमाल वेग ($११० ते $११२) टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावा. हालचाल इतकी लांब असावी की मशीन कमाल वेगाला खरोखर पोचेल, आणि इथे मागचे सूत्र पुन्हा उपयोगी पडते. मिनिटाला ३००० मिमी आणि प्रवेग ५० असेल तर नुसता वेग धरायलाच २५ मिमी लागतात. मोटर किंचाळून जागच्या जागी थरथरू लागली की तो वेग नोंदवावा आणि पुढच्या फेरीपुरता त्याच्या १० ते २० टक्के खाली उतरावे. ग्रबलच्या माहितीपत्रातही एवढीच सूट सांगितलेली आहे.

दुसरी फेरी प्रवेगाची ($१२० ते $१२२). इथे लांब पल्ल्याबरोबर ५ ते १० मिमीच्या मागे-पुढे हालचाली सलग द्याव्यात, कारण मशीनचा खरा कस दिशा बदलताना लागतो. ५०, १००, २००, ४०० असे दुपटीने जावे. प्रत्येक टप्प्यानंतर शून्यावर परत आणून डायल पाहावा. सुई एका दाताच्या फरकाच्या पटीत (५ मिमीच्या स्क्रूवर ०.१) सरकली की हद्द सापडली. तिथूनही १० ते २० टक्के खाली यावे. झेड अक्षाची चाचणी वर जाताना घ्यावी, कारण खाली येताना स्पिंडलचे वजन मदतीला असते आणि मोटरचा दुबळेपणा झाकला जातो.

कधी मशीन कमाल वेगाला नाही, मधल्याच एखाद्या वेगाला अडकते. ठरावीक आरपीएमवर रोटर स्वतःच झुलू लागतो, हा अनुनाद. गंमत म्हणजे प्रवेग फार कमी असला तर हा त्रास वाढतो, कारण मशीन त्या वाईट पट्ट्यात रेंगाळते. अशा वेळी किंचित जास्त प्रवेग मशीनला तो पट्टा झटकन पार करू देतो.

तिसरी फेरी मालात. तिन्ही अक्ष एकत्र, खरे टूल, खरी खोली. रिकाम्या चाचणीत टिकलेले आकडे इथे पडू शकतात, कारण कापण्याचा जोरही त्याच टॉर्कमधून जातो. प्रवेगासाठी सगळा टॉर्क खर्च केला की लाकडातली पहिली गाठ स्टेप चुकवते. म्हणून रिकाम्या चाचणीतल्या मर्यादेच्या निम्म्यावर कायमचा आकडा ठेवला तरी तो भित्रेपणा नव्हे. पावसाळ्यात दमट हवेने रॉडवर गंज धरतो, स्क्रूवर भुसा आणि ग्रीसचा लगदा साचतो, आणि जानेवारीत बसवलेले आकडे ऑगस्टमध्ये टिकत नाहीत. तेव्हा आधी साफसफाई करावी, मग आकड्यांना हात लावावा.

मोटरची हद्द संपण्याआधी कधी कधी सांगाड्याची हद्द संपते. कोपऱ्यानंतर कडेवर बारीक लाटा उमटत असतील तर डायल शून्य दाखवत असला तरी प्रवेग जास्त आहे. सांगाडा हलतो आहे आणि टूल त्याच्याबरोबर झुलते आहे.

प्रवेग वाढत नसेल तर

समजा सगळे करून मशीन १५०च्या पुढे जात नाही. मग फीड, आरपीएम आणि टूल यांचा हिशेब उलट्या बाजूने मांडावा. जॉबमधल्या सगळ्यात आखूड रेघांवर मशीन किती वेग गाठते ते काढावे. १० मिमीच्या रेघेवर १५०च्या प्रवेगाने मध्यावर सेकंदाला ३९ मिमी मिळू शकतात, ५ मिमीवर २७. पण वळणांत आणि कोपऱ्यांत तो याच्या बराच खाली राहणार. बराचसा जॉब जर मिनिटाला ५०० ते ६००वरच चालणार असेल तर फीड १००० लिहून शिरोरेषा तेवढी सुरेख काढण्यात अर्थ नाही. फीड ६०० लिहावा आणि स्पिंडल १०,०००वरून ६००० आरपीएमवर आणावा. चिप पुन्हा ०.०५ मिमीची होते. स्पिंडलचे आरपीएम तेवढे खाली येत नसतील तर दोन धारांऐवजी एका धारेचे टूल लावावे. आरपीएम न बदलताही प्रत्येक चिपची जाडी दुप्पट होते.

अशाने लांब सरळ रेघांवर थोडा वेळ जास्त जातो. पण शिरोरेषा आणि ‘ळ’ची वळणे यांच्या कामात फरक उरत नाही, आणि हेच नेमप्लेटमध्ये डोळ्याला दिसते. जॉबचा फीड म्हणून लिहायचा आकडा मशीनच्या सगळ्यात चांगल्या क्षणाचा नसावा. जो आकडा टूल संपूर्ण जॉबभर जवळपास पाळू शकते, तोच खरा फीड. तो वाढवायचा असेल तर पैसे आणि मेहनत कशावर खर्च करायची, तेही आता उघड आहे. आधी व्होल्टेज, मग स्क्रूची जाडी आणि पिच, मग सांगाड्याचा ताठपणा. फाइलमधला एफचा, म्हणजे फीडचा, आकडा सगळ्यात शेवटी.